मागण्याआधी दिलेला शब्द

लुवेबदेच्या टेकडीवर, दुसऱ्या मजल्यावरच्या त्या भाड्याच्या घरात नगर नव्हतं, नगरपालिका नव्हती, नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं. नगराध्यक्ष मात्र बारा महिने तेरा काळ हजर असायचे. अबू शाहेर रोज सकाळी दाढी करून, टाय बांधून दिवाणखान्यात येऊन बसत आणि अम्मानमधले झाडून सगळे रिकामटेकडे त्यांना 'नगराध्यक्ष साहेब' म्हणायला येत. त्यांची बायको रबीहा स्वयंपाकघरातून ते ऐकायची आणि कॉफीच्या भांड्याला विचारायची, "कुठल्या नगराचे रे? या जिन्याचे?" हे ती बाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारायची. बाहेरचे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. त्या बाबतीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

दिवाणखान्याची भिंत मानपत्रांनी आणि ढालींनी भरली होती. ऑलिव्हच्या लाकडाच्या ढाली, पितळी नकाशे, मखमलीच्या पेटीतल्या किल्ल्या. सोफियाची परिषद, अल्जीअर्सची परिषद, आणखी कुठली कुठली परिषद. प्रत्येक ठिकाणी अबू शाहेरांना पहिल्या रांगेत बसवायचे, 'आमचे हद्दपार नगराध्यक्ष' म्हणून उभं करायचे, टाळ्या वाजवायचे आणि मग मोठी माणसं आतल्या खोलीत जाऊन खरं बोलणं करायची. आतल्या खोलीत यांना कुणी कधी बोलावलं नाही. हे रबीहाच्या केव्हाच लक्षात आलं होतं. अबू शाहेरांच्याही आलं असणार, पण माणूस एकदा हरभऱ्याच्या झाडावर चढला की खाली बघायचं टाळतो.

तिला राग याचा होता की तिचा नवरा मुळात असा नव्हता. नदीपलीकडच्या, परक्या लष्कराच्या ताब्यातल्या देर नखलाचा नगराध्यक्ष सबरी, हाच अबू शाहेर, वेगळाच होता. डोंगरातल्या झऱ्यापासून गावापर्यंत त्याने स्वतः उभं राहून पाण्याची नळी आणली होती. लष्करी गव्हर्नरने त्या नळीचा फाटा समोरच्या टेकडीवरच्या नव्या वसाहतीला द्यायला सांगितला, तेव्हा सबरीने भर कचेरीत सांगितलं, "आमच्या बायका डोक्यावर हंडे वाहत होत्या तेव्हा कुठे होता तुम्ही? नाही देणार." त्यापायी त्याला डोळे बांधून जीपमध्ये घातलं आणि सरहद्दीपलीकडे नेऊन सोडलं. त्या दिवशी रबीहाला नवऱ्याचा इतका अभिमान वाटला होता की रडायलाही सुचलं नाही. ती त्याच्यामागून पूल ओलांडून अम्मानला आली. ठरलेल्या मुदतीत परत गेली नाही म्हणून तिचाही परवाना बुडाला. तेरा वर्षं झाली. ताठ माणूस सरहद्दीवर फेकला गेला होता, त्याला या परिषदवाल्या मंडळींनी उचललं, गादीवर बसवलं आणि बसवून बसवून पार मऊ करून टाकलं.

त्या वसंतात लष्कराने काही हद्दपार लोकांना परत येऊ देण्याचं जाहीर केलं. त्यात अबू शाहेरांचं नाव होतं. अट एवढीच होती की त्यांनी साधा नागरिक म्हणून यायचं, नगरपालिकेच्या खुर्चीला हात लावायचा नाही. 'सोबत पत्नी' असंही लिहिलं होतं. नवरा गेला तरच बायको जाणार, तिला वेगळा रस्ता नव्हता.

रबीहाने त्या रात्री मक्लूबा केला, वांगी-भाताचं पातेलं ताटात उपडं केलं आणि वांग्याचा एकही तुकडा तळाला चिकटला नाही म्हणून शेजारणीला हाक मारून दाखवला. तिची आई अजून देर नखलात होती. नव्वदीला टेकलेली, डोळ्यांनी अधू, पुलापर्यंत येण्याचं त्राण नसलेली. फोनवर म्हातारी एकच वाक्य बोलायची, "बाई गं, द्राक्षं आली, तू नाही आलीस." रबीहाला स्वातंत्र्य वगैरे नंतर हवं होतं. आधी आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवायचं होतं.

आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी ती जाहा आली.

कुणाच्या घरी काही मोठं मागायचं असेल, मुलगी किंवा खुनाची माफी, तर चार प्रतिष्ठित माणसं मिळून जातात, त्याला जाहा म्हणतात. यजमान कडू कॉफीचा छोटा कप पुढे करतो. जाहाचा म्होरक्या तो समोर ठेवून देतो आणि म्हणतो, मागणं पुरं होईपर्यंत पिणार नाही. कॉफी गार झाली आणि पाहुणे न पिता उठले, तर यजमानाला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. आणि एकदा 'प्या' म्हटलं की मागणं दिलं, मग त्यात बदल नाही.

म्होरक्या अबू मुनीफ होता. मुक्तीसाठी लढणाऱ्या संघटनेतला बडा माणूस. आयुष्यात त्याने बंदूक फक्त फोटोसाठी धरली होती, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याच्या तोडीचा माणूस दोन्ही तीरांवर नव्हता. मागे सहाजण होते, सगळे मानाचे झगे पांघरून, अत्तर लावून आलेले. रबीहा खजूर भरलेल्या मामूलचं ताट हातात धरून दाराआड उभी राहिली. तिला वाटलं, निरोप द्यायला आलेत. फार तर परत गेल्यावर कुणाची शेतजमीन सोडवून द्या म्हणतील.

अबू मुनीफने कप समोर ठेवला. "अबू शाहेर, तुमच्या घरची कॉफी म्हणजे आमचा मान. पण आमचं एक मागणं आहे. ते मिळाल्याशिवाय हा कप ओठाला लागायचा नाही."

अबू शाहेर उभे राहिले. ते असे उभे राहिले की पुढे भाषण असायचं. "प्या! काय मागणार ते विचारतसुद्धा नाही. माझ्या दारातून मागणारा रिकाम्या हाताने गेला, असं देर नखलात कधी घडलेलं नाही. मागण्याआधी दिलं. प्या!"

"वा! याला म्हणतात नगराध्यक्ष!" मागून कुणीतरी म्हणालं.

अबू मुनीफने आधी कप रिकामा केला आणि मग तोंड पुसून मागणं सांगितलं. "आमची एवढीच इच्छा, की तुम्ही परत जाऊ नये."

दाराआड ताट कलंडलं. दोन मामूल जमिनीवर पडले. रबीहाने ते उचलले नाहीत.

"बघा ना," अबू मुनीफ लोण्यासारखा बोलत होता, "परत गेलेला नगराध्यक्ष म्हणजे काय? दारात खुर्ची टाकून बसलेला एक म्हातारा. पण हद्दपार नगराध्यक्ष! ते एक प्रकरण असतं. जिनिव्हाच्या परिषदेला आम्ही कुणाला घेऊन जायचं? तुम्ही लष्कराची अट लाथाडली, असं आम्ही जगाला सांगू. परत गेलेल्यांपेक्षा तुमचं नाव मोठं होईल."

अबू शाहेर छातीवर हात ठेवून म्हणाले, "दिलेला शब्द दिला."

पाहुणे जिना उतरले तेव्हा रबीहा दिवाणखान्यात आली. "तुम्ही काय केलंत ते कळलं का तुम्हाला?"

"शब्द गेला, रबीहा. माझा नाइलाज झाला."

"नाइलाज! त्या नाइलाजाला जीभ कुणाची होती? न विचारता दिलंत. बाजारात टोमॅटो घेताना तरी दाबून बघता!"

"त्यांनी मला पेचात धरलं. चार माणसांसमोर मी काय..."

"माझी आई मरायला टेकलीय, अबू शाहेर."

ते खाली बघत राहिले. रबीहाला वाटलं, बिचारा फसला. शेफारलेला आहे, मूर्ख आहे, पण फसवला गेलाय. तेवढ्या एका वाटण्यावर तिने पुढचं सगळं केलं.

दुसऱ्या दिवशी ती बक्काच्या निर्वासित छावणीत उम्म ज़ैदानकडे गेली. उम्म ज़ैदान देर नखलाचीच, विधवा, दोन मुलं तुरुंगात आणि जीभ चाकूसारखी. रबीहाने सगळं सांगितलं. म्हातारी ऐकता ऐकता मुळुखियाच्या भाजीची पानं खुडत होती.

"म्हणजे कॉफीने बांधला," ती म्हणाली. "मग कॉफीनेच सोडवू. आपण जाऊ त्याच्याकडे."

"बायकांची जाहा? कुणी ऐकलीय का?"

"नाही ऐकली ना? मग त्याला उत्तर पाठ नसेल. चल, घालायचं काढ."

शुक्रवारची नमाज झाल्यावर अबू मुनीफच्या अब्दूनमधल्या पांढऱ्या बंगल्याच्या व्हरांड्यात दरबार भरायचा. व्यापारी, डॉक्टर, वर्तमानपत्रवाले, सगळे यायचे. या शुक्रवारी तिथे चार बायका आल्या, गावाकडचे भरतकामाचे पायघोळ झगे घालून. छावणीचा चिखल चपलांना होताच. नोकर धावला आणि मोठ्या बायकांना मानाने हाक मारतात तसं म्हणाला, "हज्जी, बायकांची बसायची सोय आत आहे."

"आत त्याची बायको आहे," उम्म ज़ैदान म्हणाली. "तिला उठवू नको बाबा, केस विस्कटतील. आमचं काम याच्याशी आहे."

आणि चौघी पुरुषांच्या समोर खुर्च्या ओढून बसल्या. कॉफी द्यावीच लागली. दाराशी आलेल्याला कॉफी न देणं अबू मुनीफलाही परवडणारं नव्हतं, त्यातून वर्तमानपत्रवाले बसलेले. रबीहाने कप घेतला आणि समोरच्या टेबलावर ठेवला. बाकीच्या तिघींनीही ठेवले. व्हरांड्यातलं बोलणं थांबलं.

अबू मुनीफ रबीहाकडे बघून हसला. "उम्म शाहेर, हे काय? बायकांची जाहा मी जन्मात पाहिली नाही."

"पुरुष काही मेले, काही आत आहेत," उम्म ज़ैदान म्हणाली, "आणि उरलेले तुझ्या व्हरांड्यात बसलेत. मग यायचं कुणी, कोंबड्यांनी?"

मागे एक वर्तमानपत्रवाला खोकल्याच्या मिषाने हसला.

"बरं, सांगा तरी. काय हवंय?"

"आधी 'प्या' म्हणा," रबीहा म्हणाली.

"न ऐकता?"

"माझ्या नवऱ्याने ऐकलं होतं का? त्यावर तुमच्याच माणसाने 'याला म्हणतात नगराध्यक्ष' म्हटलं. का उदारपणा फक्त दुसऱ्याच्या घरी चालतो?"

अबू मुनीफने आजूबाजूला पाहिलं. कुणी त्याच्याकडे पाहत नव्हतं, सगळे त्या कपांकडे पाहत होते. कॉफीवरची वाफ कमी कमी होत चालली होती. त्याने बोटातली अंगठी फिरवली. "प्या," तो शेवटी म्हणाला.

रबीहाने एका घोटात कप संपवला. "माझ्या नवऱ्याला त्याच्या शब्दातून मोकळं करा. इथे, सगळ्यांसमोर."

मग त्याच्या तोंडावर एक हसू आलं, आणि ते हरलेल्या माणसाचं नव्हतं. "मोकळा आहे. सगळे साक्षीदार आहात. अबू शाहेर माझ्याकडून मोकळा आहे. पण उम्म शाहेर, एक सांगतो. त्याला मी बांधलं नव्हतं."

रबीहाला त्याचा अर्थ लागला नाही, आणि लावून घ्यायला वेळही नव्हता. ती टॅक्सीत बसली तेव्हा उम्म ज़ैदान खिडकीतून ओरडली, "गावच्या माझ्या अंगणातल्या अंजिराला पाणी घाल गं!" रबीहा रस्ताभर एकटीच हसत होती.

घरी अबू शाहेर रेडिओपाशी होते. तिने डोक्यावरच्या रुमालाची गाठही सोडली नाही, दारातूनच सांगितलं, "सुटलात! अबू मुनीफने भर व्हरांड्यात मोकळं केलं. सोमवारी पुलावर जायचं."

अबू शाहेरांचा चेहरा उतरला. अगदी उतरला, पाहणाऱ्याला लाज वाटावी इतका. "तुला हा आगाऊपणा कुणी सांगितला होता?"

"म्हणजे?"

"बायकामाणसांनी जाऊन... अख्ख्या अम्मानसमोर... तू माझं नाक कापलंस."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. तेव्हा कुठे अबू मुनीफचं ते हसू तिच्या डोक्यात उतरलं, आणि स्वतःचाच राग आला. ती पन्नास वर्षं या लोकांत राहिली होती. एकही जाहा अशी आली नव्हती की जिचं मागणं घरधन्याला आधी ठाऊक नाही. लग्न ठरलेलं असतं, माफी ठरलेली असते, रक्कम ठरलेली असते, मगच माणसं अत्तर लावून येतात. शेंबडं पोरही हे जाणतं. आणि तिला वाटलं, फसवला गेला!

"त्याने तुम्हाला आधी विचारलं होतं," ती म्हणाली.

अबू शाहेर रेडिओचा आवाज वाढवायला वळले.

"त्याने विचारलं होतं, का तुम्हीच त्याला बोलावलंत?"

"रबीहा, समजून घे..."

"कुणी कुणाला फोन केला? तेवढं सांगा."

"मी," ते म्हणाले.

रबीहा खुर्चीवर बसली. नवऱ्याच्या त्या मानाच्या सोनेरी खुर्चीवर ती पहिल्यांदाच बसत होती.

"तिथे मला कोण ओळखतं आता?" अबू शाहेर पुटपुटले. "आपण निघालो तेव्हा जी पोरं शाळेत होती ती आज गाव चालवतात. मी रस्त्याने गेलो तर कुणी उठून उभं राहणार नाही. खुर्चीला हात लावायचा नाही. मग मी कोण? पाण्याच्या बिलासाठी रांगेत उभा राहू? माझ्याच नळीच्या पाण्याच्या?"

तिला त्याची दया आली. क्षणभर आली, खरी आली. म्हातारा झालाय आणि भितो, एवढंच. मग तिला फोनवरची आई आठवली, आणि ती दया तिने बाजूला सारली.

"तुम्ही नुसते भित्रे असता तर मी गप्प बसले असते," ती म्हणाली. "भीती मला कळते. पण तुम्ही तुमच्या भीतीला बलिदान म्हणायला निघालात. त्यावर जिनिव्हात टाळ्या घेणार होतात. आणि त्यासाठी माझी आई खर्ची घातलीत, मला न विचारता. दुसऱ्याच्या जिवावर उदार होणारे तुमच्या त्या दोस्तांत पुष्कळ पाहिले. घरात एक आहे हे माहीत नव्हतं."

"लोक काय म्हणतील?"

"तेच तर सांगते. आज संध्याकाळपर्यंत अम्मानच्या प्रत्येक दुकानात कळेल की तुम्ही मोकळे आहात. वर्तमानपत्रवाले होते तिथे. आता मंगळवारी सकाळी टाय बांधून इथे बसलात, तर कशासाठी बसलात म्हणून सांगणार? शब्दासाठी? शब्द तर मी सोडवून आणला. आता राहिलात तर नुसते राहिलात. एक माणूस, ज्याला घरी जायचं नाही."

त्यांनी भिंतीवरच्या ढालींकडे पाहिलं.

"नगराध्यक्ष म्हणून येऊ नका," ती उठत म्हणाली. "गावाला नकोय, लष्कराला नकोय, मला तर कधीच नको होता. नवरा म्हणून चला. 'सोबत पत्नी' लिहिलंय ना कागदावर? तुम्ही पत्नीसोबत चला."

सोमवारी अबू मुनीफच्या मंडळींपैकी कुणी निरोपाला आलं नाही. ढाली आणि मानपत्रं भिंतीवरच राहिली. रबीहाने घरमालकाला सांगितलं, भंगारवाल्याला द्या, पितळ चांगलं आहे. अबू शाहेरांनी टाय बांधला होता. रबीहाने काही म्हटलं नाही. पण पुलाकडे उतरताना बस तापली, खालून खोऱ्याचा गरम वारा आला, आणि त्यांनीच तो सोडून खिशात घातला.

पुलापलीकडे पत्र्याच्या छपराखाली रांग होती. परत येणाऱ्यांचे कपडे झटकत होते, बुटांचे तळ तपासत होते. खिडकीतला सैनिक विशीतला होता, उन्हाने नाक सोललेलं, तोंडात सूर्यफुलाच्या बिया. त्याने अबू शाहेरांचा कागद घेतला, वर न बघता नाव वाचलं. नाव त्याला काहीच सांगत नव्हतं. या माणसाला डोळे बांधून नेलं तेव्हा तो जेमतेम शाळेत जायला लागला असेल.

"काम काय करतोस?" त्याने मोडक्या अरबीत विचारलं.

अबू शाहेरांचे ओठ हलले. तेरा वर्षं या प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि ते ओठापर्यंत आलं होतं. ते तिथेच अडकलं. मागची रांग थांबली. सैनिकाने बीचं टरफल थुंकलं आणि काचेवर पेन आपटलं. "काम? काम काय?"

अबू शाहेरांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. पाण्यासाठी गव्हर्नरच्या तोंडावर नाही म्हणणारा तो माणूस उत्तर विचारत होता.

रबीहा पुढे झाली. तिने नवऱ्याच्या दंडाला धरलं, घट्ट, आणि खिडकीत वाकून सांगितलं, "काही नाही करत. माझ्यासोबत आहे."

सैनिकाने शिक्का मारला.